पोहोचल्याचं पत्र

नवा परदेशी विद्यार्थी टेबलासमोर येऊन उभा राहिला, की विधाते भाऊसाहेब सगळ्यात आधी त्याला त्याच्या आईचं नाव विचारत. मुलगा गोंधळून जाई. तो समुद्र ओलांडून आलेला, हातात पासपोर्ट, मार्कशिटं, शिष्यवृत्तीचं पत्र, फोटोंचं पाकीट; आणि त्या सगळ्या कागदांत आईच्या नावाला कुठेच रकाना नसे. तो चाचरत नाव सांगायचा. मग भाऊसाहेब खणातून निळं हवाई पत्र काढायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "सटाणेकर, घे लिहायला. माउली तिकडं वाट बघत आसंल."

मी सटाण्याची, म्हणून सटाणेकर. माझं आडनाव आहेर, पण ते त्यांच्या लेखी हजेरीपटापुरतं होतं. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या या कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले. पहिल्याच आठवड्यात मला भाऊसाहेबांच्या हाताखाली दिलं. परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. त्या काळी दिल्लीहून शिष्यवृत्तीवर मुलं पाठवली जात. बरीचशी आफ्रिकेतली, काही अरब देशांतली. मोठ्या शहरांतल्या जागा भरल्या की उरलेली आमच्या वाट्याला येत. देशादेशांतले संबंध दृढ व्हावेत म्हणून हे धोरण आहे, असं वरून येणाऱ्या कागदांत असे. भाऊसाहेबांना त्यातलं एवढंच कळत होतं, की लोकांनी आपली लेकरं आपल्याकडे ठेवायला दिली आहेत.

ते मखमलाबादचे, माळ्याच्या घरातले. गुलाब, झेंडू आणि थोडा भाजीपाला. पहाटे पंचवटीत फुलं पोचवायची, घरी येऊन आंघोळ करायची आणि साडेदहाला पांढऱ्या सदऱ्यात कचेरीत हजर. नखांतली माती मात्र आंघोळीला दाद देत नसे. त्यांचं सगळं बोलणं वाफ्यातून यायचं. "रोप नवीन लावलं ना, की पहिले आठ दिवस आपण त्याच्याकडं बघायचं," ते म्हणत. "मंग ते आपलं आपण बघतं." हे आठ दिवस ते अगदी मोजून पाळत. मुलगा मेसमध्ये जेवतो का, रात्री झोपतो का, पोट बिघडलं का, याची चौकशी वसतिगृहाच्या रेक्टरकडे रोज व्हायची. नवव्या दिवसापासून तो मुलगा इतर चारजणांसारखा. एकदा एक सुदानी मुलगा दहाव्या दिवशी कौतुकानं गप्पा मारायला आला, तर त्याला म्हणाले, "आता काय इथं? तासाला जा."

पत्र ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत उतरवत असे. मजकूर ठरलेला. आपला मुलगा सुखरूप पोहोचला. त्याला खिडकीजवळची खाट दिली आहे. भात आवडीनं खातो, तिखट सोसत नाही. काळजी करू नये, आम्ही आहोत. खाली त्यांची लफ्फेदार मराठी सही. 'आम्ही आहोत' हे मी पहिल्यांदा गाळलं होतं, कारण इंग्रजीत ते वाक्य अर्धवट वाटत होतं. त्यांनी कागदावर बोट ठेवून ओळी मोजल्या आणि म्हणाले, "एक कमी हाय." मी मुकाट्यानं ते लिहिलं.

त्या दिवसांत परदेशी विद्यार्थ्यांच्या रक्ताची तपासणी सक्तीची होती. कुठल्या रोगासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. मुलं अपमानानं काळवंडायची. नियम वरचा, भाऊसाहेबांच्या हातात काही नव्हतं. ते स्वतः मुलाला घेऊन तपासणीला जात, आधी आपली बाही वर करत आणि म्हणत, "पहिलं माझं काढा. एकट्याला सुई नको." दरवर्षी सात-आठ वेळा त्यांचं रक्त जायचं. शेवटी तिथला माणूस कावला. "भाऊसाहेब, तुम्हाला काही झालेलं नाही हो. लिहून देऊ का?" हे भाऊसाहेबांनी कचेरीत इतक्या वेळा सांगितलं, की शिपायालाही पाठ झालं होतं.

मग एक परिपत्रक आलं. परदेशी विद्यार्थ्यांच्या घरी संस्थेनं परस्पर पत्रव्यवहार करू नये. जे काही कळवायचं ते योग्य त्या मार्गानं, वरिष्ठ कार्यालयाकडून. कारण दिलेलं नव्हतं. परिपत्रकात कारण देत नाहीत. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, भोक पाडून फायलीला लावलं आणि म्हणाले, "पोरगं पोचलं का नाय, हे आईला सायेब लोक सांगणार? लिहिणाऱ्याला मूलबाळ नसंल." त्यानंतर पत्रं जावक रजिस्टरला चढेनाशी झाली. घरी जाताना ते स्वतः पेटीत टाकत. मला यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट आपण एक शहाणी लबाडी करतो आहोत, असं वाटून मी खुशीत होते.

इद्रिस आला तेव्हा मला लागून तीन वर्षं झाली होती. एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, खांदे पाडून चालणारा. तो स्वतःच्या मुलखाशेजारच्या एका देशातून, निर्वासितांच्या शिष्यवृत्तीवर आला होता. मूळ देश दुसरा. त्या देशाचं नाव लिहायला माझा हात अजून वळत नाही, तेव्हा ते राहू दे. त्यानं सगळा फॉर्म भरला आणि कायमच्या पत्त्याचा रकाना कोरा सोडला. आईचं नाव विचारलं तर मान खाली घातली.

अपुरा फॉर्म भाऊसाहेबांनी उभ्या नोकरीत घेतला नव्हता. त्यांनी त्याला समजावलं, मी इंग्रजीत सांगितलं, तो नुसता मान हलवत राहिला. मग त्यांनी फॉर्मच्या तळाचं प्रतिज्ञापत्र दाखवलं: माहिती खोटी किंवा अपुरी आढळल्यास प्रवेश रद्द. ते वाचून त्याचा चेहरा उतरला. "घरी काही कळवणार नाही ना?" त्यानं विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "सांग त्याला, फायलीतच ऱ्हाईल. माझा शब्द." मी ते भाषांतर करून सांगितलं. त्यानं खूप वेळ लावून पत्ता लिहिला, आईचं नाव घालून.

पुढचे आठ दिवस तो धड जेवला नाही. रेक्टरनं सांगितलं, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. भाऊसाहेबांचं निदान झालं. "घरून भांडून आलंय लेकरू," ते म्हणाले. "बापाशी बिनसलं आसंल. आईला ठावसुद्धा नसंल कुठं हाय ते." आणि त्यांनी खण उघडला.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही शब्द दिलाय त्याला."

"अगं, बापाला न सांगायचा शब्द. आईला कळवलं तर काय मोडतंय त्यात?"

माझंही मन वळायला वेळ लागला नाही. माझा थोरला भाऊ दहावीत नापास झाल्यावर सटाण्याहून पळाला होता. सुरतेच्या एका हॉटेलवाल्यानं, भावानं शपथ घातलेली असताना, गुपचूप आमच्या घरी कार्ड टाकलं. ते कार्ड आलं त्या दिवशी आई पंधरा दिवसांनी झोपली. आमच्याकडे 'घरी सांगू नका' म्हणणाऱ्या पोराचं कुणीच ऐकत नाही. त्याला हो म्हणायचं आणि घरी कळवायचं, ही माणुसकी. मी लिहायला घेतलं. आपला मुलगा नाशिकमध्ये सुखरूप आहे. जेवण अजून रुचत नाही, पण रुचेल. त्याच्यावर रागावू नये. आम्ही आहोत.

आठ महिन्यांनी, एका दुपारी, इद्रिस कचेरीत आला. तोवर तो बरा रुळला होता, वर्गात पहिल्या पाचांत होता, शिपायाशी मोडक्या मराठीत थट्टा करायचा. त्या दिवशी त्यानं कुणाकडे बघितलं नाही. टेबलासमोर उभा राहिला आणि भाऊसाहेबांना इंग्रजीत विचारलं, "माझ्या आईला तुम्ही पत्र लिहिलं होतं?"

भाऊसाहेबांना तेवढं इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "हो. मीच."

मग त्यानं सांगितलं. आवाज चढला नाही, रडला नाही. मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले, कारण भाऊसाहेबांनी मला खूण केली होती. तो सक्तीच्या सैन्यातून पळाला होता. पळालेल्याच्या घरच्यांना तिथे सोडत नाहीत, म्हणून घरच्यांनी नदी ओलांडताना तो बुडाला असं चौकीवर सांगून ठेवलं होतं. गाव जमवून रडूनही घेतलं होतं. वडील शिंपी होते. पत्र टपालातच फोडलं गेलं. चौकीवरची माणसं ते घेऊन घरी आली आणि त्यांनी वडिलांना ते वाचून दाखवलं. म्हणजे आपला मुलगा सुखरूप पोहोचला, हे त्या बापाला त्या माणसांच्या तोंडून कळलं. मग ती माणसं वडिलांना घेऊन गेली. कुठे ठेवलंय ते कुणाला माहीत नाही. एवढं सगळं मामानं सरहद्दीपलीकडून कळवलं होतं, तेही पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या देशातल्या एका मुलाच्या हस्ते.

शेवटचं वाक्य मी मराठीत सांगितलं आणि थांबले. मला काहीच वाटत नव्हतं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी फी भरायची खिडकी वाजवत होतं, आणि मी मनात एवढाच विचार करत होते की 'सुखरूप'ला मी कुठला इंग्रजी शब्द घातला होता. इतक्या वर्षांत त्या दुपारचं मला एवढंच आठवतं. त्याचीच मला नंतर भीती वाटत आली.

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. हात जोडले नाहीत, पाया पडले नाहीत, आईची माया वगैरे काही बोलले नाहीत. उठून उभे राहिले. म्हणाले, "सांग त्याला, मला माहीत नव्हतं. आन् सांग, माहीत नसताना शब्द मोडला." मी सांगितलं. इंग्रजी माझं होतं, हेही सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. इद्रिस आमच्याकडे बघत होता की मागच्या कपाटाकडे, कळलं नाही. मग तो तासाला गेला.

पुढं दोन-अडीच वर्षं तो त्याच कॉलेजात होता. जाणार कुठे? निवासाच्या परवान्याची मुदत, शिष्यवृत्तीचा अर्ज, बोनाफाइड, सगळ्याला सही भाऊसाहेबांच्याच टेबलावरची. दर महिन्या-दोन महिन्यांनी तो यायचा. तो दारात दिसला की भाऊसाहेब उभे राहत आणि त्याचं काम संपून तो बाहेर पडेपर्यंत उभ्यानंच लिहीत. वाकून, टेबलावर कोपर टेकून. तो 'थँक यू' म्हणायचा, हे मान हलवायचे. इद्रिसनं त्यांना कधी बसा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असंही मला वाटत नाही. प्राचार्यांनी एकदा जाता जाता विचारलं, "काय विधाते, मूळव्याध की काय?" सगळी कचेरी हसली. भाऊसाहेबही हसले.

हवाई पत्रं बंद झाली. खणात उरलेली त्यांनी मला दिली; मी ती तशीच ठेवून दिली. नवी मुलं यायची, त्यांना आईचं नाव कुणी विचारत नसे. आठ दिवसांची चौकशीही थांबली. रक्ताला मात्र ते अजून जात. काहीही विचारा, आधी परिपत्रक काढून बघणार. "नियमात बसतंय का, बघू." पुढच्या मुलांना वाटे, म्हातारा खडूस आहे. वरून तपासणीला आलेल्या पथकानं शेरा मारला, की परदेशी विद्यार्थ्यांचं इतकं चोख दप्तर विभागात दुसरीकडे नाही. प्राचार्यांनी तो शेरा फळ्यावर लावला.

इद्रिस पदवी घेऊन निघाला तेव्हा घरी परतायचा प्रश्नच नव्हता. कुठल्यातरी तिसऱ्या देशानं त्याला जागा दिली होती. दाखल्याच्या अर्जात पुढच्या पत्त्याचा रकाना त्यानं कोरा सोडला आणि फॉर्म पुढे सरकवला. भाऊसाहेबांनी उभ्यानं तो पाहिला, कोऱ्या रकान्यावर नजर थांबली, आणि त्यांनी शिक्का मारला. इद्रिसनं माझ्याशी हात मिळवला. त्यांच्याशी मिळवला नाही. दारातून मात्र त्यानं एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यात राग होता की काय होतं, हे मी कुणाला छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

नवं शतक आलं, कचेरीत संगणक आले आणि धोरणही पालटलं. आता परदेशी विद्यार्थी आपल्याकडे जास्तीत जास्त यावेत, अशी सगळीकडे घाई होती. आमच्या टेबलाला 'फॉरेन स्टुडंट सेल' नाव मिळालं आणि गुळगुळीत कागदावर माहितीपत्रकं छापली गेली. नव्या प्राचार्यांना कुणीतरी जुन्या पत्रांबद्दल सांगितलं असावं. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं, बरोबर मीही गेले. "विधाते, प्रत्येक पालकाला आपल्याकडून स्वागताचं पत्र गेलं पाहिजे. एकदम घरगुती. आता वरूनही तसंच म्हणतायत. मजकूर तुम्हीच करा, तुमचा हातखंडा आहे म्हणे."

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, मला दुसरं टेबल द्या."

प्राचार्यांना वाटलं संगणकाला घाबरतात. त्यांनी समजूत घातली, मग चिडले, मग त्यांना ग्रंथालयात पाठवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. टेबल माझ्याकडे आलं. किल्ल्या देताना भाऊसाहेबांनी एकच गोष्ट सांगितली. "कोरा रकाना कोरा ऱ्हाऊ द्यायचा, सटाणेकर. त्यो सोडणाऱ्याला कारण आस्तंय." प्राचार्यांची स्वागतपत्रं मी पाठवते, पण आधी मुलाला विचारून, त्याची सही घेऊन. बहुतेक मुलं हसतात, खिशातला मोबाइल दाखवतात, घरी केव्हाच कळलंय म्हणतात. एका मुलीनं तेवढं 'नको' लिहिलं. मी का ते विचारलं नाही.

निवृत्तीनंतर महिन्या-दीड महिन्यानं मी मखमलाबादला चक्कर मारायची. ते गुलाबाच्या वाफ्यात असायचे, पुढं पुढं पडवीतल्या खाटेवर. तब्येत, शेती, माझी बढती हे सगळं बोलून झालं की मी उठायच्या बेतात असताना विचारायचे, "काही कळलं का?" कुणाचं, ते सांगावं लागत नसे. मी नाही म्हणायची. कळणार कसं? पत्ता कुणाकडेच नव्हता.

मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते फार खंगले होते. सून पडवीत बसून गुलाबांच्या जुड्या बांधत होती. मी रिक्षातच ठरवून गेले होते. आपण भाषांतर केलेलं एवढं मोठं खोटं... नव्हे, ते पत्र तर खरं होतं, म्हणूनच सगळं घडलं. तर आता एक खोटं सांगून या माणसाला सुटू द्यावं, असं मी ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, "काही कळलं का?"

"कळलं," मी म्हणाले. "पत्र आलंय त्याचं. वडील सुटले. घरी आहेत."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "कधी आलं?"

"परवा. सोमवारी."

"कॉलेजच्या पत्त्यावर?"

"हो."

"आवक नंबर किती?"

कुठलाही आकडा चालला असता. ते काही रजिस्टर बघायला येणार नव्हते. पण इतकी वर्षं त्यांच्याच हाताखाली काढल्यावर, न आलेल्या कागदाला नंबर टाकायला माझी जीभ उचलेना. सुनेचे हात थांबले.

"नाय आलं ना?" ते म्हणाले. रागावले नव्हते.

"नाही."

"मंग नको सांगू. मला बरं वाटून काय करायचंय, सटाणेकर? त्याचा बाप सुटाया पायजे."

सुनेनं चहा आणला, तो मी प्यायले. पुढच्या शनिवारी भाऊसाहेब गेले. कॉलेजात टपाल आलं, की मी अजून आधी पाकिटांवरची तिकिटं बघते आणि मग सही करते.